पेढ्याएवढं कासव, ताटाएवढं कासव

संतांच्या उपमेतली कासवी पिल्लांना नुसत्या नजरेनं पोसते. ती पैलतीरावर, पिल्लं ऐलतीरावर, आणि तेवढ्या बघण्यावर त्यांचं पोट भरतं. उपमा सुंदर आहे, पण खरी कासवी मातीत खड्डा करते, अंडी घालते, माती लोटते आणि पाण्यात निघून जाते. पिल्लाची आणि तिची गाठही पडत नाही. अंडं फोडून बाहेर आलेलं पेढ्याएवढं पिल्लू पहिल्या दिवसापासून स्वतःचं स्वतः जगतं. आपण त्याला काचेच्या पेटीत आणून ठेवलं की मात्र त्याचं ‘स्वतःचं स्वतः’ संपतं. पाणी किती गरम, ऊन किती, खाणं काय, सगळं आपल्या हातात येतं.

माझ्याकडचं कासव अकरा वर्षांचं आहे. भाच्याच्या वाढदिवसाला कुणीतरी भेट म्हणून दिलं. पसरट प्लास्टिकचा डबा, मधोमध हिरवं प्लास्टिकचं नारळाचं झाड आणि दोन बोटं पाणी, असा त्याचा थाट होता. ताईनं तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आणून सोडलं. “तुला हौस आहे ना, घे.” हौस होती, माहिती शून्य. पहिल्या वर्षात करायच्या तेवढ्या चुका मी केल्या. त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे क्रमानं लिहितोय. क्रम मुद्दाम असा ठेवलाय की पिल्लू सगळ्यात शेवटी घरात येईल.

आधी हे ठरवा: कोणतं कासव?

दुकानात जे हिरवंगार, चट्टेरीपट्टेरी पिल्लू दिसतं ते बहुतेक वेळा रेड इअर्ड स्लायडर असतं. डोळ्यामागे लाल पट्टा, पोटाकडची बाजू पिवळी आणि तिच्यावर काळे ठिपके, ही त्याची खूण. ते मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. हा लेख त्याच्यापुरता आहे.

पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं जमिनीवरचं कासव, पाठीच्या मध्यावर काटेरी उंचवटा असलेली लहान कासवं, विहिरीत-तळ्यात दिसणारं मऊ पाठीचं कासव ही सगळी आपल्या देशातली. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे ती विकत घेणं, पाळणं, नुसतं घरात ठेवणं हा गुन्हा आहे. अनुसूची १ मधल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. “साहेब, ही जात लहानच राहते” असं सांगून कुणी मागच्या खोलीतून काही आणून दाखवलं तर हात न लावता बाहेर पडा. पावसाळ्यात रस्त्यावर सापडलेलं कासवही घरी आणायचं नाही. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

दुकानदाराकडून पावती मागा. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत आणि त्यानुसार दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ती आहे का, हे विचारायला लाजू नका. उत्तर टाळणारा दुकानदार कासवाबद्दलचे प्रश्नही टाळतो, हा माझा अनुभव.

मग हे: झेपणार आहे का?

पिल्लू चार-पाच सेंटीमीटरचं असतं. नर मोठा झाल्यावर साधारण १५ ते २० सेंटीमीटरचा होतो, मादी २५ ते ३०. म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी. पिल्लू नर की मादी हे दुकानात कुणालाही सांगता येत नाही, कारण फरक दिसायलाच काही वर्षं जातात. नराच्या पुढच्या पायांची नखं लांबलचक होतात आणि शेपूट जाड, लांब होते. म्हणून हिशेब ताटाचाच धरा. आयुष्य वीस-तीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त. आज तिसरीत असलेल्या मुलीसाठी घेताय, तर ती लग्न करून दुसऱ्या गावी जाईल आणि कासव तुमच्याकडेच राहील.

“हे डब्यातच राहतं, वाढत नाही,” असं सांगणारे भेटतील. डब्यातलं कासव वाढत नाही, कारण ते मरतं.

घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, फार वयस्कर माणसं किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेला आजारी माणूस असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. कासवांच्या अंगावर, विष्ठेत, पाण्यात साल्मोनेला हे जंतू असतात. कासव ठणठणीत दिसतं, माणसाला मात्र जुलाब आणि ताप येतो आणि लहान मुलांत ते गंभीर होऊ शकतं. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान पाठीचं कासव पाळण्यासाठी विकायला बंदी आहे ती याच कारणानं, कारण एवढंसं पिल्लू मुलं सरळ तोंडात घालतात.

आणि खर्च. पिल्लू पाचशेच्या आत मिळतं. टाकी, फिल्टर, हीटर, दिवे यांत माझे आठ-दहा हजार गेले, तेही टप्प्याटप्प्यानं आणि रडतखडत. एकदम केले असते तर पहिल्या वर्षीचा डॉक्टरचा खर्च तरी वाचला असता.

टाकी लावणं (पिल्लू आणण्याआधी निदान आठवडाभर)

सुरुवातीला दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच काचेची टाकी पुरते. ती वर्ष-दीड वर्ष चालेल, पुढे चार फुटी लागेल. पाठीच्या प्रत्येक इंचाला साधारण चाळीस लिटर पाणी असा पाळणाऱ्यांमधला ढोबळ हिशेब आहे. जागा ठरवताना वजन विसरू नका. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो, वर काच आणि दगड. टीव्हीच्या हलक्या स्टँडवर किंवा फ्रिजवर टाकी ठेवायची नाही. खिडकीत थेट उन्हातही नाही, बंद काचेत पाणी बघता बघता तापतं.

पाणी किती भरायचं? हे कासव पोहणारं आहे, त्यामुळे दोन बोटं पाणी हा त्याचा छळ आहे. निदान पिल्लाच्या पाठीच्या रुंदीपेक्षा जास्त खोली हवी, म्हणजे उलटं पडलं तरी पाण्यात ते सरळ होऊ शकतं. मी १२ ते १५ सेंटीमीटरपासून सुरुवात करायला सांगतो. नीट पोहायला लागलं की वाढवत न्या.

तळाला रंगीत बारीक खडे घालू नका. पिल्लू ते गिळतं आणि आतडं अडतं. तळ मोकळाच ठेवा, साफ करायलाही सोपं. शोभा हवीच असेल तर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे गोल दगड ठेवा.

आता कोरडी जागा. मराठीत आपण ‘ऊन खाणं’ म्हणतो ते या प्राण्याला अक्षरशः लागू आहे. रोज काही तास पाण्याबाहेर येऊन, पूर्ण कोरडं होऊन ऊन खाल्लं नाही तर त्याची पाठ, हाडं, पचन सगळंच बिघडतं. दुकानात तरंगते प्लास्टिकचे ओटे मिळतात, पण पिल्लाच्या वजनाला चालणारे ओटे कासव मोठं झालं की बुडतात. मी फरशीवाल्याकडून शहाबादीचा तुकडा आणला, कडा घासून घेतल्या आणि दोन बाजूंना दगडांचा घट्ट थर लावून त्यावर ठेवला. वर चढायला खरखरीत उतार. एकच काळजी घ्यायची: खाली अशी फट राहता कामा नये, जिच्यात पिल्लू शिरेल आणि अडकेल. कासवाला श्वासासाठी वर यावंच लागतं. पाण्यात अडकलेलं कासव बुडून मरतं, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं.

फिल्टर टाकीच्या मापाचा घेऊ नका, दुप्पट-तिप्पट मापाचा घ्या. चाळीस लिटर पाण्याला ऐंशी ते एकशेवीस लिटरचा. कासव माशापेक्षा कितीतरी जास्त घाण करतं. फिल्टरमधला स्पंज नळाखाली खसाखसा धुवायचा नाही, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा. त्या स्पंजात जे जिवाणू वस्तीला येतात तेच विष्ठेतला अमोनिया मोडतात. नळाच्या क्लोरिनने ते मरतात आणि दोन दिवसांत पाण्याला वास मारतो. ही वस्ती नीट जमायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पहिल्या महिन्यात पाणी वरचेवर बदलावं लागतं.

हीटर लिटरला साधारण एक वॉट या हिशेबाने, आपोआप बंद-चालू होणारा घ्यावा. पिल्लासाठी पाणी २६ ते २८ अंश हवं. मुंबईत, कोकणात वर्षातले बरेच महिने हीटर चालूही होत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा बातम्यांत यायला लागला की नाशिक-पुण्याच्या घरातलं पाणीही गार पडतं. गार पाण्यात पिल्लू खाणं सोडतं आणि मग न्यूमोनिया. “थंडीत कासवं झोपतातच” हे मोठ्या, धष्टपुष्ट, मोकळ्या तळ्यातल्या कासवांबद्दल खरं आहे. पिल्लाला झोपू द्यायचं नाही. हीटरला जाळीचं आवरण घाला, कारण कासव धडका मारतं. पाणी बदलताना आधी हीटरचं बटण बंद करा, गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर काच तडकते. थर्मामीटर वेगळा घ्या. हीटरवरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही.

उजेड, म्हणजे लेखाचा खरा गाभा

नव्या माणसाकडून सगळ्यात जास्त हेच राहतं, म्हणून जरा थांबून वाचा.

दोन वेगळ्या गोष्टी लागतात, ऊब आणि यूव्हीबी (म्हणजे उन्हातले एका प्रकारचे अतिनील) किरण. ऊबेसाठी कोरड्या जागेवर ४० ते ६० वॉटचा साधा पिवळा किंवा हॅलोजन बल्ब लावा. एलईडी चालणार नाही, तो उजेड देतो, ऊब देत नाही. दगडाच्या पृष्ठभागावर ३० ते ३३ अंश तापमान हवं. थर्मामीटर तिथे ठेवून बल्ब वर-खाली करत हे जमवा. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात खोलीच चाळिशीला टेकते, तेव्हा हा बल्ब बंद ठेवायचा, उलट पाणी तापत नाही ना ते बघायचं.

यूव्हीबी किरणांमुळे कासवाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. ते असेल तरच खाण्यातलं कॅल्शियम हाडांत आणि पाठीत बसतं. कितीही कॅल्शियम खाऊ घाला, किरण नसतील तर ते फुकट. पाठ मऊ पडते, वाकडी होते, पाय लटपटतात. हे किरण काचेतून आरपार येत नाहीत. खिडकीच्या बंद तावदानातून येणारं छान कोवळं ऊन म्हणजे कासवासाठी नुसता उजेड.

दोन मार्ग आहेत. पहिला, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी ट्यूब कोरड्या जागेच्या वर २५-३० सेंटीमीटरवर, मधे काच न ठेवता, रोज १० ते १२ तास. ती दिसायला वर्षानुवर्षं पेटत राहते, पण किरण आधीच मंदावतात. सहा महिने ते वर्षभरात बदला, डब्यावर तारीख लिहून ठेवा. दुसरा मार्ग फुकटचा: खरं ऊन. सकाळी आठ-साडेआठला वीस-तीस मिनिटं, प्लास्टिकच्या टबात थोडं पाणी, अर्ध्या भागावर सावली. सावली नसेल तर ते पंधरा मिनिटांत भाजेल. आणि तिथून हलायचं नाही. चहा आणायलासुद्धा नाही. कावळ्यांना आणि घारींना पेढ्याएवढं कासव म्हणजे नाश्ताच. माझ्या गच्चीवर कावळ्यानं एकदा झडप घातली, मी हातभर अंतरावर होतो म्हणून निभावलं. तेव्हापासून टबावर भाजीच्या क्रेटची जाळी असते.

जून ते सप्टेंबर मात्र ऊन हा मार्ग बंद. मुंबईत चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. म्हणून ट्यूब घ्याच.

एक इशारा. मत्स्यालयाच्या दुकानात ‘यूव्ही’ म्हणून एक निळसर दिवा मिळतो, तो पाण्यातलं शेवाळ आणि जंतू मारण्यासाठीचा. त्यातले किरण वेगळे, आणि उघड्यावर लावला तर कासवाचे आणि तुमचेही डोळे भाजतात. दुकानातला पोरगा दोन्ही ‘यूव्ही’च म्हणेल. खोक्यावर यूव्हीबी असं लिहिलंय का, ते स्वतः वाचा.

पिल्लू निवडताना

आता जा दुकानात. पिल्लाचे डोळे टक्क उघडे, स्वच्छ हवेत. हातात उचललं की पाय झाडायला हवेत. लोळागोळा होऊन पडलेलं, ‘किती शांत आहे’ असं वाटणारं पिल्लू बहुधा आजारी असतं. पाठ हलकेच दाबून बघा, नखासारखी टणक लागावी. नाकातून बुडबुडे, पाण्यात एका बाजूला कलून तरंगणं, पाठीवर वास येणारे खड्डे, यांपैकी काही दिसलं तर घेऊ नका. दया येते, मला मान्य आहे, पण पहिलंच कासव आजारी घेऊ नका.

“एकटं उदास होईल, जोडी घ्या,” असं म्हणतीलच. एकच घ्या. कासवाला सोबतीची ओढ नसते. दोन पिल्लं खाण्यावरून, दगडावरच्या जागेवरून भांडतात, एकमेकांच्या शेपट्या चावतात, आणि दबलेलं पिल्लू दगडावर चढायचंच सोडतं.

पहिला आठवडा

घरी आणल्यावर टाकीत सोडा आणि दूर व्हा. शेजारच्या मुलांना दाखवायचा कार्यक्रम पुढच्या रविवारी. एक-दोन दिवस ते खाणार नाही, दगडावरून तुम्ही दिसताच धपकन पाण्यात उडी मारेल. हे ठीक आहे. चार-पाच दिवसांत तुमची चाहूल म्हणजे खाणं हे त्याला कळतं आणि मग ते काचेपाशी येऊन दोन्ही हात मारायला लागतं. लोक त्याला प्रेम समजतात. मीही समजतो, पण ती भूक असते.

उचलायचं ते गरजेपुरतं, दोन्ही बाजूंनी धरून, जमिनीपासून फार उंच नाही. नंतर साबणानं हात. पापा घ्यायचा नाही. टाकीच्या पाण्याचा मग, बादली, ब्रश सगळं वेगळं ठेवायचं, आणि स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये यातलं काहीही धुवायचं नाही. पाणी काढायची नळी तोंडानं ओढायची नाही. काढलेलं पाणी झाडांना उत्तम खत आहे, फक्त ज्या कुंडीतली कोथिंबीर कच्ची खाता तिला घालू नका.

खाणं

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. पिल्लाबरोबर दुकानातली एक डबी आली होती, वाळलेल्या बारीक झिंग्यांची. तात्या (नाव मीच ठेवलं) ते चवीनं खायचा, म्हणून मी सहा महिने तेच दिलं. मग एके दिवशी त्याचे डोळे सुजून बंद झाले. ते झिंगे म्हणजे आपला सुका जवळा समजा, तोंडी लावायला ठीक, रोजचं जेवण नाही. त्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं आणि त्याच्या अभावानं कासवाचे डोळे असे सुजतात.

रोजचा आधार म्हणजे कासवांसाठीच्या चांगल्या गोळ्या. माशांच्या गोळ्या नव्हेत. पिल्लाला दिवसातून एकदा, साधारण त्याच्या डोक्याच्या आकाराएवढ्या. कमी वाटतात, पण तेवढ्या पुरतात. कासव कायम भुकेलंच दिसतं, त्याच्या चेहऱ्यावर जाऊ नका. सहा महिने ते वर्षानंतर गोळ्या एक दिवसाआड करा आणि पाला वाढवत न्या. पिल्लं मांसाहाराकडे झुकलेली असतात, मोठी कासवं पाल्याकडे. खाणं पाण्यातच द्यायचं, कारण पाण्याशिवाय त्याला गिळता येत नाही.

आठवड्यातून एक-दोनदा बदल म्हणून कुंडीतलं गांडूळ (औषध न मारलेल्या मातीतलं) किंवा मीठ न घालता उकडलेल्या कोलंबीचा तुकडा. पाल्यात लेट्यूस, जास्वंदीची पानं आणि फुलं, किसलेलं गाजर, लाल भोपळा. गाजर-भोपळ्यातून अ जीवनसत्त्वाची सोय होते. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम अडवतं. पहिले काही महिने पिल्लू पाल्याकडे ढुंकूनही बघणार नाही. तरी रोज एक पान तरंगत ठेवा, सकाळी उचला. तात्यानं आठव्या महिन्यात पहिलं जास्वंद खाल्लं. जलपर्णीही ही कासवं खातात, पण शहरातल्या नदीतून उपटून आणू नका, त्या पाण्यात काय काय असतं हे आपल्याला माहीत आहे.

पोळी, भात, दूध, पाव, फरसाण, पनीर काहीही नाही. आमच्या आईनं एकदा प्रेमानं दूधभात घातला होता. टाकी दोन दिवस नासक्या दुधासारखी घमघमत होती.

कॅल्शियमसाठी एक स्वस्त उपाय आहे: समुद्रफेन. पक्ष्यांच्या पिंजऱ्यात अडकवतात तो पांढरा, हलका तुकडा. काष्ठौषधींच्या दुकानातही मिळतो. मागची कडक पापुद्र्यासारखी बाजू काढून तुकडा पाण्यात सोडायचा, कासव हवं तेव्हा कुरतडतं.

पाणी बदलणं

पहिला महिना एक दिवसाआड पाव ते तृतीयांश पाणी बदला. नंतर आठवड्यातून एकदा तेवढंच, आणि तळाची घाण नळीनं ओढून घ्या. सगळं पाणी एकदम फेकून टाकी लख्ख घासायची नाही, वर सांगितलेल्या जिवाणूंची वस्ती उठते. नळाचं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवा किंवा क्लोरिन मारायचे थेंब वापरा. नवं पाणी जुन्याइतकंच कोमट असावं. आरओचं पाणी लागत नाही. बोअरचं जड पाणी असेल तर पाठीवर पांढरट थर बसतो, तो जुन्या मऊ टूथब्रशनं हलकेच घासा. पाठीला तेल मात्र लावू नका, रंग तर नकोच. पाठ निर्जीव नसते, खाली जिवंत हाड असतं.

कासवीची नजर

रोज दोन मिनिटं नुसतं बघणं. आजारी कासव ओरडत नाही, लंगडत नाही, दिसतं तेवढंच. दगडावर चढतंय का? खातंय का? दोन्ही डोळे सारखे उघडे आहेत का? पोहताना सपाट राहतंय की एका अंगाला कलतंय? कलणं, तोंड उघडून श्वास घेणं, नाकातोंडातून फेस ही न्यूमोनियाची लक्षणं, त्याच दिवशी डॉक्टर. पाठ मऊ लागणं, तिला वास येणं, आठवडाभर न खाणं, हेही तसंच. पाठीवरचे पारदर्शक पापुद्रे सुटत असतील तर घाबरू नका, ती वाढ आहे. ओढून काढू नका इतकंच.

डॉक्टर आधीच शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर कासव बघत नाहीत. मुंबईत परळला, शिरवळला, नागपूर, परभणी, उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे विचारलं तर योग्य नाव कळू शकतं. आणि एक गोष्ट कागदावर लिहून ठेवा: आयव्हरमेक्टिन. जंतांवर आणि गोचिडांवर कुत्र्यांना, गुरांना सर्रास दिलं जाणारं हे औषध कासवाला घातक असतं. नव्या डॉक्टरकडे गेलात तर तुम्हीच आठवण करून द्या, राग आला तर येऊ दे.

गावाला जाताना

गणपतीत चार दिवस गावी जायचंय? पिल्लू दोन दिवस उपाशी राहिलं तरी काही बिघडत नाही, मोठं कासव त्याहून जास्त राहतं. शेजाऱ्याला चावी देताना गोळ्या मोजून, रोजची वेगळी पुडी करून द्या. पूर्ण डबा देऊ नका, नाहीतर “बिचारं बघत होतं” म्हणून आठवड्याचं खाणं एका दिवशी पडेल आणि तुम्ही याल तेव्हा टाकीत आंबील झालेली असेल. दिव्यांना टायमर लावा. वीज गेली तर काही तास काही होत नाही. थंडीत जास्त वेळ गेली तर टाकीला जुनी चादर गुंडाळा.

नाहीच जमलं तर

नदीत, मंदिराच्या तळ्यात, बागेतल्या तलावात सोडायचं नाही. ‘मोकळं केलं’ याचं पुण्य वगैरे लागत नाही. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत हे कासव आहे. ते देशी कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावतं, रोग पसरवतं. युरोपीय संघानं १९९७ मध्येच याची आयात थांबवली. आपल्याकडे गुवाहाटीच्या दीपोर बील या तलावात आणि केरळात त्रिशूरजवळ ती मोकळ्या पाण्यात सापडली आहेत. कुणीतरी सोडल्याशिवाय ती तिथे गेली नाहीत. दुसरा पाळणारा शोधा, टाकीसकट द्या. प्राण्यांच्या सुटकेचं काम करणाऱ्या स्थानिक संस्थेला विचारा, पण त्यांच्याकडे आधीच रांग असते हे गृहीत धरून.

माझा तात्या पाचव्या वर्षी एकदम अस्वस्थ झाला. खाणं बंद, टाकीच्या भिंतीवर चढायची धडपड, मागच्या पायांनी दगड उकरणं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, पडद्याकडे बघितलं आणि हसत म्हणाले, “तात्याला अंडी आहेत.” नर जवळ नसला तरी मादी अंडी घालते, ती फुटून पिल्लं होत नाहीत एवढंच. पण घालायला ओली वाळू-माती मिळाली नाही तर अंडी आत अडकून ती मरू शकते. त्या संध्याकाळी मी गल्लीतल्या बांधकामावरून घमेलंभर वाळू मागून आणली, गच्चीवरच्या टबात मातीत कालवून वीतभर खोल पसरली. रात्री साडेअकराला तिनं सात अंडी घातली, माती लोटली आणि वळून न बघता पाण्याकडे निघाली. नाव अजून तात्याच आहे.